गेरूची रेघ

सह्याद्रीतल्या एका गडाची ही गोष्ट. गडाचं नाव विचारू नका, गोष्ट सांगणाऱ्यांनी ते कधी सांगितलेलं नाही. काळ तेवढा ठाऊक आहे. औरंगजेब दख्खनेत उतरला होता आणि एकेका गडासाठी झुंज चालली होती.

गडावर तीनशे माणसांची शिबंदी होती. बायकापोरं वेगळी. कारभार तिघांचा होता. शिवाजी महाराजांनी घालून दिलेली रीतच तशी होती. हवालदाराकडे दरवाजाच्या किल्ल्या आणि हुकूम. सबनिसाकडे हजेरी आणि जमाखर्च. कारखानिसाकडे धान्य, दारूगोळा, चुना, दोरखंड. सगळं एकाच्याच हाती जाऊ नये, एकाची चूक दुसऱ्याच्या नजरेला यावी, म्हणून ही रीत. पण तिघांचं आपसांत फारच जमलं, तर रीत नुसती कागदावर उरते. इथं तिघांचं फारच जमलं होतं.

गडावर एक म्हातारा पाथरवट राहायचा. त्याच्या बापाने गडाचा दरवाजा घडवला होता. म्हाताऱ्याला एक खोड होती. रस्त्याने चालताना तो माणसांकडे बघायचा नाही, भिंतींकडे बघायचा. कुठे भेग दिसली की थांबायचा, बोट घालायचा आणि ज्याचं काम त्याला जाऊन सांगायचा. लोक त्याला भेगोबा म्हणत.

एकदा तो सदरेवर गेला आणि म्हणाला, “पश्चिमेच्या बुरुजाला भेग गेलीय. आत पोकळ झालं असेल. खोलून बघायला हवं.”

हवालदाराने खोलायला लावलं. आठ दिवस बेलदार खपले. दगडांचे दोन थर उतरवले. आत बुरूज भक्कम निघाला. भेग वरवरची होती. थर पुन्हा चढवावे लागले, मजुरी गेली ती गेलीच. पोरं पाथरवटाच्या मागे “भेगोबा, भेगोबा” करत फिरली. म्हातारा म्हणाला, “बरं झालं. भक्कम आहे हे तरी कळलं.” ते कुणी ऐकून घेतलं नाही.

पुढच्या वर्षी खबर आली, छत्रपतींची स्वारी गडावर येणार. हवालदार हरखला. गडाला साजेसा नगारखाना नाही, तो बांधू या, असं तिघांनी ठरवलं. कारखानिसाकडे चुना होता, गूळ होता, हिरडा होता. हे सामान दरसाल टाक्यांच्या डागडुजीसाठी यायचं. त्या साली ते सगळं नगारखान्याला गेलं. विटांच्या कमानी उभ्या राहिल्या. वरच्या मजल्यासाठी चुन्याचा एक खड्डा भिजवून झाकून ठेवला. एवढं झालं आणि स्वारी दुसरीकडे वळली. नगारखाना मात्र देखणा झाला होता. लोक येता-जाता मान वर करून बघत.

पाथरवट तेव्हा मोठ्या टाक्याकडे बघत होता.

हे टाकं गडाचा जीव. तीन बाजूंनी कातळ, चौथ्या बाजूला बांधीव भिंत. आत उतरायला बावीस पायऱ्या. पाऊस संपला की पाणी वरच्या दोन पायऱ्या सोडून उभं राहायचं. बाकीची दोन छोटी टाकी माघातच तळाला जायची, मग सगळा भार या टाक्यावर आणि दरवाजाजवळच्या एका झऱ्यावर.

भिंतीच्या डोक्यावर एक पिंपळ उगवला होता. आधी बोटभर होता, मग मनगटाएवढा झाला. पाणी भरणाऱ्या बायांना त्याची सावली बरी वाटायची. कुणीतरी बुंध्याशी शेंदूर लावलेला दगडही ठेवला होता.

कार्तिकातल्या एका संध्याकाळी सगळ्या बाया पाणी भरून गेल्यावर पाथरवट पायऱ्या उतरला. पाण्याच्या रेषेवर त्याने गेरूने एक रेघ ओढली आणि वर येऊन टाक्याच्या तोंडाशी रात्रभर बसून राहिला. कुणी घागर बुडवली नाही. पहाटे दिवा घेऊन खाली गेला. पाणी रेघेच्या खाली एक बोट गेलं होतं.

दुसऱ्या रात्री तो पुन्हा बसला. पुन्हा एक बोट. तिसऱ्या रात्रीही तेच.

तो सदरेवर गेला. “मोठं टाकं गळतंय. रात्रीत एक बोट जातं, म्हणजे दिवसरात्रीत दोन. सहा दिवसांत एक पायरी. कुणी थेंब प्यायलं नाही तरी होळीला टाकं कोरडं पडेल.”

सबनिसाने मनातल्या मनात हिशेब केला. वीस पायऱ्या, एकशेवीस दिवस. हिशेब बरोबर होता. पण त्याने हवालदाराच्या तोंडाकडे पाहिलं आणि तो गप्प बसला.

“बुरुजाचंही तू असंच बोलला होतास,” हवालदार म्हणाला.

“बुरुजाचं चुकलं, जी. हे टाक्याचं आहे. बुरुजाचं चुकलं म्हणून टाकं गळायचं थांबणार नाही. आज रात्री माझ्यासोबत बसा, रेघ तुम्ही ओढा.”

“चुना संपलाय,” कारखानीस म्हणाला.

“नगारखान्यामागे एक खड्डा भरून आहे.”

सदर शांत झाली. नगारखान्याचं नाव निघायला नको होतं.

“झरा आहे की गडावर,” हवालदार म्हणाला. “तो आटलेला कुणी पाहिलाय?”

खरंच कुणी पाहिला नव्हता. इथं थोडं थांबून सांगतो. पुढे १७१५च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडांविषयी जे लिहिलं गेलं, त्यात हीच गोष्ट बजावलेली आहे. गडावर झरा आहे म्हणून निर्धास्त राहू नये. झुंजीत तोफांच्या आवाजाने झऱ्यांचं पाणी कमी होतं. म्हणून साठ्याची टाकी बांधावी आणि त्यांतलं पाणी एरवी खर्चू नये. ज्यांनी गड लढवले त्यांच्याच अनुभवातून आलेलं हे शहाणपण. आपल्या हवालदारापर्यंत ते तेव्हा पोचलं नव्हतं, किंवा पोचलं असूनही त्याला नको होतं.

सदरेवर एक तरुण नाईकही उभा होता. त्याचा जन्म गडावरचाच. गडासाठी मान द्यायला तो कधीही तयार होता, आणि हे नुसतं बोलणं नव्हतं, दोन वेळा त्याने अंगावर वार घेतले होते. तो पुढे होऊन म्हणाला, “आबा, मोगल आठ कोसांवर आहे. त्याचे हेर पेठेत फिरतात. गडाचं टाकं गळतं हे असं बोलायचं असतं का? गडाची लाज गडाच्या माणसाने झाकायची.”

“लाज झाकता येईल रे पोरा. पाणी कसं झाकणार?”

हवालदाराने त्याला बाहेर घालवलं.

मग पाथरवट एकच करत राहिला. रोज संध्याकाळी तो पायऱ्या उतरायचा, पाण्याच्या रेषेवर गेरूने रेघ ओढायचा आणि वर यायचा. कुणाशी काही बोलायचा नाही. पण बायका रोज पाण्याला यायच्या आणि त्यांना रेघा दिसायच्या. एका पायरीवर सहा रेघा झाल्या की पुढची पायरी उघडी पडायची. महिन्याभरात सगळा गड रेघा मोजायला लागला. कुणी घागर अर्धीच भरून नेई. कुणी सबनिसाला वाटेत गाठून विचारी, “रावसाहेब, चुना कधी लावणार?”

हवालदाराला हे सोसलं नाही. त्याने पायऱ्या घासून घेतल्या. दुसऱ्या दिवशी रेघ पुन्हा तिथं. त्याने म्हाताऱ्याला बोलावून घेतलं.

“तू लोकांचा धीर खचवतोस. आजपासून तुझा गडावरचा ठाव उठला. खाली जा.”

नाईकानेच त्याला दरवाजापर्यंत नेलं. म्हाताऱ्याने छिन्नी-हातोडा खांद्यावर टाकला. जाताना दरवाजाच्या चौकटीवरून एकदा हात फिरवला आणि म्हणाला, “वरच्या बिजागरीला तेल घाल. कुरकुरतेय.”

तो पायथ्याच्या पेठेत राहिला. जात्या-पाट्यांना टाकी लावून पोट भरू लागला.

पौष संपता संपता वेढा पडला. पेठ मोगलांच्या हाती गेली. दोन तोफा टेकडीवर चढल्या आणि गडाच्या दरवाजावर धडधडू लागल्या. तट हलला नाही. पण चौथ्या दिवसापासून दरवाजाजवळचा झरा बारीक झाला. आधी मनगटाएवढी धार होती, ती करंगळीएवढी झाली. आठवड्याने नुसतं ठिबकत राहिलं.

खाली छावणीत एका सरदाराच्या कानावर आलं की पेठेत एक पाथरवट आहे. टाकं गळतं म्हणाला म्हणून त्याला गडावरून हाकललं. सरदाराने त्याला बोलावलं, बसायला दिलं, पाणी दिलं. माणूस बोलायला गोड होता.

“बाबा, तुम्ही खरं बोललात आणि तुमच्याच माणसांनी तुम्हाला घालवलं. आमच्याकडे खऱ्याची किंमत होते.” त्याने मोहरांची थैली पुढे सरकवली. “टाकं कुठून गळतं? किती पायऱ्या उरल्या असतील?”

पाथरवटाने थैलीकडे पाहिलं. मग विचारलं, “हुजूर, तुमच्याकडे चुना आहे का?”

“चुना कशाला?”

“गळती बुजवायला.”

सरदार हसला. “मी कशाला बुजवू?”

“मग तुम्हाला सांगून काय उपयोग?” म्हातारा म्हणाला आणि पाण्याचं भांडं पालथं घातलं.

सरदाराने थैली परत घेतली. म्हाताऱ्याला दमदम्यासाठी दगड फोडायला बसवलं. सगळा जन्म दगडात गेलेला माणूस दिवसाला चार दगड फोडायचा. पहारेकरी शिव्या देऊन दमला. तिसऱ्या रात्री पहाऱ्यावरच्याला झोप लागली आणि म्हातारा झाडीत शिरला.

तो पळून दूर गेला नाही. रानात हिरडे वेचले, एक पोतं भरलं. अंधार पडल्यावर गडाच्या मागच्या बाजूने, बापाबरोबर लहानपणी चढलेल्या वाटेने वर निघाला. वाट कसली, कातळात पाऊल टेकण्यापुरत्या खोबण्या. मध्यरात्र उलटल्यावर तो चोरदिंडीपाशी पोचला आणि हातोड्याने तीनदा ठोकलं.

दिंडीवर पहारा त्या नाईकाचाच होता. त्याने फटीतून मशाल धरली.

“आबा? तुम्ही कुठून आलात?”

“खालून.”

“खाली मोगल आहे.”

“हो. त्याच्याकडूनच आलोय.”

नाईकाने तलवार उपसली. “तुमच्या रेघांची खबर त्यांच्यापर्यंत गेलीय. तटाखालून ओरडून विचारतात, टाक्यात किती उरलं म्हणून. मी सदरेवर हेच सांगत होतो. ऐकलंत तुम्ही?”

म्हातारा थोडा वेळ बोलला नाही. नाईकाचं म्हणणं खोटं नव्हतं.

“खबर गेली खरी,” तो म्हणाला. “पण कार्तिकात गळती बुजवली असती, तर आज ती खबर खोटी ठरली असती. ते ओरडत बसले असते आणि तू वरून हसला असतास. पायऱ्या किती उरल्या?”

“सात.”

“मग दार उघड. पोत्यात हिरडा आहे, पाठ वाकली माझी.”

नाईक मशाल धरून तसाच उभा राहिला. अनोळखी माणसाला रात्री गडात घ्यायचं नाही, असा हुकूम होता. हा माणूस अनोळखी नव्हता, हाकललेला होता. त्यासाठी हुकूम नव्हता. त्याने अडणा काढला, पोतं स्वतःच्या खांद्यावर घेतलं आणि म्हाताऱ्याला घेऊन थेट हवालदाराच्या दारात उभा राहिला.

हवालदार जागाच होता. आठ दिवस त्याला झोप नव्हती. रोज रात्री तो एकटाच टाक्यावर जाऊन पायऱ्या मोजत होता. त्याने म्हाताऱ्याकडे पाहिलं, पोत्याकडे पाहिलं.

“काय काय लागेल?” त्याने विचारलं.

“चुना खड्ड्यात आहे. हिरडा मी आणलाय. गूळ घराघरांतून निघेल. सुरखी हवी. पाण्याखाली धरेल असा चुना सुरखीशिवाय होत नाही.”

“सुरखीला विटा कुठून आणायच्या? गडावर वीट फक्त…” हवालदार बोलता बोलता थांबला.

म्हातारा काही बोलला नाही.

पहाटे गडाला जाग आली ती नगारखान्यावर पडणाऱ्या पहारीच्या आवाजाने. पहिली पहार हवालदाराने स्वतः मारली. कमान उतरली. बायकांनी विटा उखळात घालून कुटल्या, चाळणीने चाळल्या. कारखानिसाने खड्डा उघडला, भिजलेला चुना लोण्यासारखा मऊ होता. घरोघरच्या ढेपांतून गूळ आला. घाणी ओढणाऱ्या बैलांना पाजायला पाणी नव्हतं, म्हणून माणसांनी जू खांद्यावर घेऊन घाणी फिरवली. हिरड्याचं पाणी आणि गुळाचं पाणी घालत दिवसभर चुना मळला गेला.

टाक्यात भिंतीच्या कोपऱ्याभोवती मातीच्या पोत्यांचा बांध घातला. बांधाच्या आतलं पाणी घागरींनी उपसून पलीकडे ओतलं, एक थेंब बाहेर गेला नाही. कोपरा उघडा पडला आणि सगळ्यांना दिसलं. पिंपळाची मुळी दोन दगडांच्या सांध्यातून आत आली होती, मनगटाएवढी जाड, आणि तिच्या कडेकडेने पाणी भिंतीत शिरत होतं. शेंदूर लावलेला दगड एका म्हातारीने ओच्यात घेतला आणि मारुतीच्या देवळात नेऊन ठेवला. मग पिंपळावर कुऱ्हाड चालली.

दोन रात्री पाथरवट त्या कोपऱ्यात उकिडवा बसून होता. मुळी खरवडून काढायची, सांधा धुवायचा, चुना ठासायचा, चिपा मारायच्या, वरून घोटायचं. दिवा हवालदार धरत होता. तिसऱ्या संध्याकाळी बांध काढला. नाईक खाली उतरला आणि पाण्याच्या रेषेवर गेरूने रेघ ओढली. रात्रभर सगळे टाक्याच्या तोंडाशी बसून राहिले. एरवी गडाच्या नावाने घोषणा देणारी पोरंसुद्धा गप्प होती.

पहाटे पाणी रेघेला टेकलेलं होतं.

सात पायऱ्यांचं पाणी माणशी लोट्याने मोजून वाटलं. घोडी मेली, दोन तोफांचे गोलंदाज मेले, एक तान्हं पोर मेलं. हे गोष्टीत सांगायला हवं, कारण कार्तिकात चुना लागला असता तर यातलं काही टळलंही असतं. ज्येष्ठात पाऊस कोसळला. छावणीत चिखल झाला, तोफा रुतल्या, हिवतापाने माणसं पडू लागली. एका सकाळी तंबू उठले आणि वेढा निघून गेला.

सदर भरली. हवालदाराने सोन्याचं कडं मागवलं. म्हातारा म्हणाला, “कडं ठेवून द्या. रेघ ओढायची मोकळीक द्या. मला एकट्याला नको, ज्याच्या हातात गेरू असेल त्याला.”

नाईक म्हणाला, “आणि रेघ चुकीची निघाली तर? बुरुजासारखी?”

“तर पुसा. आधी बघा, मग पुसा.”

हवालदाराने सबनिसाला लिहून घ्यायला सांगितलं. दर पुनवेला तिघांनी मिळून टाक्यावर जायचं, लोकांसमोर रेघ वाचायची, आणि रेघ ओढणारा या तिघांपैकी नसायचा. मग तो सदरेकडे वळून म्हणाला, “गडाचं उणं गडाच्या सदरेवर येऊन सांगतो, तो गडाचाच माणूस. त्याचं तोंड मी दाबलं आणि शत्रूचं काम फुकटात केलं.”

सबनिसाने मान खाली घालून शेवटचं वाक्यही लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी पाऊस धरून होता. घोंगडीची खोळ घेऊन पाथरवट अंबरखान्याच्या दिशेने येताना कारखानिसाला दिसला. कारखानिसाने कमरेची किल्ली काढली आणि म्हाताऱ्याने काही विचारायच्या आत कुलूप उघडलं.

“बोला आबा. काय गळतंय?”

“छप्पर,” म्हातारा म्हणाला. “नाचणीच्या कणगीवरच. शिडी आण.”